दोन कप्प्यांतली वासरं

बंगळुरूत आल्यावर पहिले काही महिने माझं पोट ठिकाणावर नव्हतं. खाल्लेलं पचायचं नाही, आणि पचणार नाही या भीतीनं खावंसंही वाटायचं नाही. नागपूरहून सामान आलं, नवरा हेब्बाळच्या एका टेक पार्कात रुजू झाला, मुलगी नव्या शाळेत जाऊन दोन दिवसांत मैत्रिणी करून आली. मला तेवढं काही जमेना. आई रोज फोनवर ताक पी, ताक पी म्हणायची. मी प्यायचे. पुढे पोट बरं झालं. पण ते ताकानं झालं, की शहराची सवय झाल्यानं, की बरं व्हायचंच होतं म्हणून झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी जनावरांची डॉक्टर. नागपुरात माझा छोटा दवाखाना होता. कुत्री-मांजरं यायची, आणि आसपासच्या गावांत गाई-म्हशी बघायला मीच जायचे. बंगळुरूत कन्नड येत नसताना दवाखाना उघडणं म्हणजे मुक्यानं दुकान मांडण्यासारखं होतं. म्हणून मी हेब्बाळलाच एका लहानशा कंपनीत नोकरी धरली. वासरांच्या दुधात मिसळायची एक पावडर ही कंपनी तयार करत होती. तिच्यात पोटाला उपयोगी पडणारे जिवाणू होते आणि थोडं यीस्ट. दह्याच्या विरजणात असतात तसले, पण निवडून, वाळवून, पाकिटात बंद केलेले. पावडरीवर प्रोबायोटिक असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असे आणि खाली लहान अक्षरात ‘वासरांमधील ताण कमी करते’. हे लहान अक्षरातलं वाक्य खरं आहे का, हे बघायचं काम माझ्याकडे आलं.

वासरांना कसला आलाय ताण, असं पुष्कळ जण मला विचारतात. पण दुधाच्या धंद्यात वासराचे पहिले काही महिने फार वाईट जातात. जन्मल्या जन्मल्या किंवा एक-दोन दिवसांत ते आईपासून बाजूला काढलं जातं. मग शिंगांचे कोंब तापल्या लोखंडानं जाळतात. मग कधीतरी ट्रकमध्ये चढवून दुसऱ्या गावी नेतात. आणि अंगात जरा ताकद येतेय तोवर त्याचं दूध तोडतात. यातल्या प्रत्येक वेळी वासरू आधी खाणं सोडतं आणि मग हगायला लागतं. हगवण लागलेलं वासरू आतून कोरडं पडत जातं. डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. तिथून त्याला परत आणणं कठीण.

आनेकलच्या बाजूला एक गोठा होता. तिथल्या लोकांची घरची भाषा मराठी आहे असं कळल्यावर आमच्या साहेबांनी तो माझ्यावर सोपवला. मी फोन केला. एका बाईनं उचलला, आणि माझं मराठी ऐकून तिला इतका आनंद झाला की ती भराभर बोलत सुटली. मध्येच म्हणाली, “सध्या इथं लहान करू पुष्कळ आहेत बघ.”

मी विचारलं, “काय करू?”

“करू म्हणते मी. करू.”

“हो, पण काय करू?”

ती हसत सुटली. कन्नडमध्ये वासराला करू म्हणतात. पुढे कितीतरी दिवस मी गेले की ती दारातूनच विचारायची, “आलीस? मग काय करू?”

त्या अक्का. साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांचे थोरले भाऊ अण्णा. दोघं बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले. घराचं शिलाईच्या सामानाचं दुकान होतं, बटणं, दोरे, अस्तराचं कापड. लग्न न केलेल्या अक्कांनी ते दुकान तरुणपणापासून सांभाळलं होतं. अण्णांनी कचेरीत नोकरी केली, बायको गेली, मुलगा परदेशी गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी लहानपणापासून मनात असलेली गोष्ट केली. आनेकलजवळ जमीन घेऊन गाई ठेवल्या. अक्का त्यांना वेड्यात काढत राहिल्या आणि दुकान एका चुलत भाच्याच्या हाती देऊन त्यांच्यामागोमाग आल्या. गाई अण्णांकडे आणि वासरं अक्कांकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

पहिल्या दिवशी अक्कांनी मला गोठा दाखवला. गाईंची बाजू स्वच्छ, पंखे लावलेले. वासरांची बाजू मागे, आणि तीही स्वच्छच. एकेक वासरू एकेका अरुंद खणात दाव्यानं बांधलेलं. मी एका काळ्या-पांढऱ्या कालवडीच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, हिचं नाव काय. अक्का म्हणाल्या, “रवंथ करायला लागल्याशिवाय मी नाव ठेवत नाही.”

अक्काच पुढे म्हणाल्या की आधी ठेवायच्या. जन्मल्या दिवशीच ठेवायच्या. मग आदल्या वर्षी एकामागून एक वासरं गेली. काही इथं जन्मलेली, काही अण्णांनी कोलारच्या बाजूनं विकत आणलेली. नाव घेऊन हाक मारायची सवय तोंडाला लागते आणि वासरू गेल्यावरही ती सुटत नाही, म्हणून त्यांनी ते बंद केलं.

आमचं काम साधं होतं. वासरांचे दोन कप्पे करायचे, एका कप्प्यातल्यांना दुधातून पावडर द्यायची, दुसऱ्यातल्यांना नुसतं दूध. बाकी सगळं सारखं. दूध कोमट हवं, फार गरम दुधात पावडर घातली तर आतले जिवाणूच मरतात, हे मी समजावलं. शेण कसं आहे ते रोज अक्का बघणार आणि मी आठवड्याला येऊन वजन घेणार, लाळ घेणार. ताण वाढला की शरीरात एक हार्मोन वाढतो आणि तो लाळेत सापडतो. लाळ घ्यायला मी कापसाची जाड वात वासराच्या तोंडात धरायचे. वासरं ती आनंदानं चघळायची. काही तर ती सोडायचीच नाहीत, मग अक्का त्यांच्या गालफडात बोट घालून वात काढून द्यायच्या आणि त्यांना कन्नडमध्ये रागवायच्या. माझ्याशी मराठी, वासरांशी कन्नड आणि गाईंच्या औषधवाल्याशी हिंदी, असा त्यांचा दिवस चालायचा.

हेब्बाळहून आनेकल म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. मधे बस बदलावी लागायची, सिल्क बोर्डाच्या चौकात गाडी अडकली की अडकलीच. तरी मला तो दिवस आवडायला लागला होता. ऑफिसात सगळी इंग्रजी-हिंदी, घरी नवरा थकून आलेला. अक्कांच्या ओट्यावर बसून जेवताना मी आठवडाभराचं मराठी बोलून घ्यायचे. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं होतं आणि त्यात कन्नड सहज मिसळलेलं असायचं. ‘स्वल्प भात घे’ म्हणायच्या. मी नको म्हटलं की ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायच्या आणि वाढायच्याच.

पावसाळा संपत आला तेव्हा पहिली फेरी पूर्ण झाली. मी आकडे मांडले आणि बघतच राहिले. दोन्ही कप्प्यांत काही फरकच नव्हता. दोन्हीकडची वासरं चांगली होती. आदल्या वर्षी इतकी वासरं गेली होती, यंदा एकही गेलं नाही. पण पावडर मिळालेली आणि न मिळालेली, सारखीच धडधाकट. साहेबांना ही बातमी कशी सांगावी या विचारात मी आनेकलला गेले.

अक्का दुधाच्या बाटल्या धूत होत्या. मी सांगितलं, फरक दिसला नाही. त्यांनी हातातली बाटली उपडी ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

“दिसणार कसा? मी सगळ्यांनाच देत होते.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “पहिल्या आठवड्यातच नुसत्या दुधाच्या बाजूच्या एकीला पातळ झालं. औषध माझ्या हातात आहे, आणि मी तिला द्यायचं नाही? हे मला होईना. मग तिला दिलं. मग म्हटलं, बाकीच्यांनी काय पाप केलंय.”

मला राग आला. इतक्या महिन्यांच्या खेपा, इतक्या कापसाच्या वाती, सगळं पाण्यात. मी त्यांना म्हटलं की हे औषध नाही, औषध आहे की नाही तेच आपण बघत होतो. आजारी वासराला खरं औषध, मीठ-साखरेचं पाणी, सलाईन, हवं ते मी दिलंच असतं. तुम्ही मला निदान सांगायचं होतं. त्यांनी पुढची बाटली धुवायला घेतली. मग म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.” हे खरंच होतं. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मला ती हवी आहे असं परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत मलाही वाटेनासं झालं होतं. समोर हगणारं वासरू आणि हातात पाकीट असताना ते पाकीट बाजूला ठेवायला जो थंडपणा अंगात लागतो, तो मला शिक्षणानं आणून दिला होता. अक्कांना तो कुणी दिलाच नव्हता, आणि मी मात्र तो त्यांच्यात गृहीतच धरला होता.

साहेबांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. घर गहाण ठेवून कंपनी उभी केलेला, सतत घाईत असलेला माणूस. ते जरा विचार करून म्हणाले की मग सोपंच आहे, सगळ्या वासरांना पावडर मिळाली, आणि आदल्या वर्षी मेलेली वासरं यंदा मेली नाहीत. हेच छापू. मी म्हटलं, यंदा अक्का दूध कोमट करून देतायत, बाटल्या उकळून घेतायत, रोज शेण बघतायत, आणि दर आठवड्याला एक डॉक्टर येऊन प्रत्येक वासराच्या अंगावर हात फिरवून जातेय. आदल्या वर्षी यातलं काही नव्हतं. मग वासरं कशानं जगली, हे तुम्ही सांगा. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, परत करा. पण यावेळी नीट.

यावेळी अक्का सहजासहजी तयार होईनात. अण्णांनी मध्यस्थी केली. ओट्यावर आम्ही तिघं बसलो आणि अक्कांनी आपल्या अटी सांगितल्या. एकाला द्यायचं आणि एकाला कोरडं ठेवायचं, हे त्यांना बघवणार नव्हतं. मी म्हटलं, मग दोन्हीकडे पावडरच देऊ. एकीत जिवाणू असतील, दुसरीत नुसती दुधाची भुकटी. दिसायला, वासाला सारखी. कुठल्या पिशवीत काय आहे हे तुम्हाला कळणार नाही, अण्णांना नाही आणि मलाही नाही. फक्त पिशव्या भरणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला ठाऊक असेल. आणि आजारी पडेल त्या वासराला, मग ते कुठल्याही कप्प्यातलं असो, पूर्ण उपचार.

अक्का उठल्या. मग आत जाऊन त्यांनी दुकानातून आणलेल्या दोऱ्यांच्या रिळांचा डबा आणला आणि त्यातली एक लाल आणि एक निळी रीळ माझ्या हातात दिली. पिशव्या यानं बांध, म्हणाल्या.

माझ्याही दोन गोष्टी होत्या. पहिली, शिंगांचे कोंब जाळण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन द्यायचंच. अण्णा म्हणाले, क्षणभराचं तर काम, इंजेक्शनलाच जास्त वेळ लागतो. मी त्यांना म्हटलं की पुढच्या वेळी जाळताना तुम्ही वासराचं डोकं धरा. त्यांनी धरलं. त्यानंतर इंजेक्शनाबद्दल आम्हाला पुन्हा बोलावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट, वासरांना एकेकटं न ठेवता दोन-दोन एकत्र ठेवायचं. जोडीनं राहिलेली वासरं कमी बुजतात आणि खायला लवकर लागतात, असं मी वाचलं होतं. याला अक्कांचा विरोध होता. एकत्र ठेवली की ती दूध संपल्यावर एकमेकांचे कान चोखतात, बेंबी चोखतात, आणि बेंबी पिकली की गेलं वासरू. त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी असं ठरलं की दूध पिऊन झाल्यावर थोडा वेळ रिकामी बाटली तोंडात राहू द्यायची आणि लगेच पुढ्यात मूठभर खुराक टाकायचा. चोखायची इच्छा तेवढ्यात मावळते. ते बऱ्यापैकी जमलं. एक जोडी मात्र शेवटपर्यंत एकमेकींचे कान ओले करत राहिली.

दुसऱ्या फेरीतली निम्मी वासरं गोठ्यातली होती आणि बाकीची अण्णांनी कोलारहून आणली. ती आली त्या सकाळी मी मुद्दाम थांबले होते. ट्रकचं फळकूट खाली पडलं आणि आत वासरं एकमेकांना चिकटून उभी होती. एकही हंबरत नव्हतं. मला हंबरणारं वासरू परवडतं. गप्प उभ्या वासराची भीती वाटते. अक्का फळीवरून वर चढल्या आणि एकेकाला कुशीत घेऊन खाली देऊ लागल्या. त्यातली एक तांबूस कालवड खाली ठेवली तशी गुडघ्यांवर बसली. तिला मीठ-साखरेचं कोमट पाणी पाजलं, पोत्यानं अंग चोळलं. दुपारपर्यंत ती उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून थांबली. वाटणी आधीच ठरलेली होती. ती निळ्या दोऱ्याकडे गेली.

पुढच्या आठवड्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्कांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की लाल दोऱ्याची पावडर खरी. का, ते विचारलं तर म्हणाल्या, तिचा वास स्वल्प आंबूस येतो. मी दोन्ही पिशव्या नाकाशी धरल्या, मला काही कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, असं ठरवू नका. पण माणसाला काही ठरवल्याशिवाय राहवत नाही. त्या दोन्ही कप्प्यांना सारखंच करायच्या, यावेळी पिशव्यांची अदलाबदल करणार नाही असा शब्द त्यांनी मला दिला होता आणि तो पाळला. फक्त निळ्या बाजूच्या वासरांपाशी त्या जरा जास्त वेळ थांबायच्या. त्या तांबूस कालवडीपाशी तर फारच. आपल्या जुन्या शालीचा तुकडा शिवून तिला पाठीवर बांधला होता. तिची जोडीदारीण ती शाल चघळायची.

कालवड सुधारली, मग पुन्हा घसरली. हगवण थांबेना. मी सलाईन लावली, शेण तपासायला पाठवलं, जे करायचं ते केलं. गावातले सरकारी डॉक्टरही येऊन गेले. एका सकाळी मी पोचले तेव्हा अण्णा फाटकातच उभे होते आणि त्यांच्याकडे बघूनच मला कळलं.

अक्का मागे, कालवडीच्या खणापाशी खाली बसल्या होत्या. जोडीदारीण शालीशी खेळत होती. मी शेजारी बसले. त्या एवढंच म्हणाल्या, “मी ऐकलं तुझं.”

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. पण मी समजले. पहिल्या फेरीत त्यांनी माझं ऐकलं नव्हतं आणि सगळी वासरं वाचली होती. यावेळी ऐकलं, आणि एक गेली. निळ्या पिशवीत नुसती भुकटी आहे हे त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ आपल्याच हातानं त्या कालवडीला पाजली होती. मला ठाऊक नसलेली गोष्ट मी त्यांना सांगू शकत नव्हते. मैत्रिणीला फोन करून विचारता आलं असतं. पण बाकीची वासरं अजून दुधावर होती, आणि मध्येच उघडलं तर सगळंच वाया जाणार होतं. मी अण्णांना विचारलं, थांबवायचं का. अण्णांनी अक्कांना विचारलं. अक्का उठल्या, लुगड्याला लागलेलं काड झटकलं आणि संध्याकाळच्या दुधाच्या तयारीला लागल्या. ते त्यांचं उत्तर होतं.

त्या काळात मी आनेकलला जास्तच जायला लागले. काम होतं म्हणून नव्हे. एकदा मुलीलाही घेऊन गेले. तिनं शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये अक्कांशी गप्पा मारल्या. त्या दिवशी अक्का बऱ्याच दिवसांनी हसल्या असं अण्णा म्हणाले.

दूध तोडायचे दिवस आले. एरवी या दिवसांत गोठ्यात ओरडा असतो आणि दोन-चार वासरं तरी अंथरूण धरतात. यावेळी ओरडा झाला, पण अंथरूण कुणी धरलं नाही. एका बाजूची वासरं जरा आधी खुराकावर गेली, एका बाजूची मागाहून. शेवटच्या लाळेच्या वाती तपासून आल्या आणि मी सगळं मांडून ठेवलं, लाल आणि निळं. मग ऑफिसात न उघडता मी ते आनेकलला घेऊन गेले. अक्कांसमोर उघडायचं, असं मी साहेबांना सांगून टाकलं होतं.

ओट्यावर आम्ही तिघं. मी मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, निळा दोरा म्हणजे जिवाणू असलेली पावडर. लाल म्हणजे नुसती भुकटी.

मी तिला पुन्हा एकदा बघायला लावलं. तिनं बघितलं. निळाच.

मी फोन ठेवला. अण्णा अक्कांकडे बघत होते. अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“म्हणजे तिला मिळत होतं,” त्या म्हणाल्या.

“हो, अक्का. पहिल्या दिवसापासून.”

“मी उपाशी नव्हती ठेवली तिला.”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटले. त्या रडल्या नाहीत. पण इतके आठवडे ताठ धरलेले खांदे खाली आले ते मी बघितलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्यासमोर तोच प्रश्न ठेवला ज्याला मी बसमध्ये बसल्यापासून घाबरत होते. मग या पावडरीचा उपयोग काय?

मी जे खरं होतं ते सांगितलं. निळ्या बाजूच्या वासरांची हगवण सरासरीनं लवकर आवरली. दूध तोडल्यावर ती लवकर खायला लागली. फरक होता, पण थोडा. ट्रकमधून अर्धमेलं आलेलं वासरू ओढून आणण्याची ताकद तिच्यात नाही. आणि ताणाचं म्हणाल तर तो लाळेत दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. शिंगं जाळली त्या दिवशी तो पहिल्या फेरीपेक्षा कमी वाढला, पण तेही दोन्हीकडे. ते इंजेक्शनाचं काम असावं, आणि सोबतीचंही असेल. त्यातलं कुठलं किती, ते मला सांगता येत नाही, कारण ते आपण वेगळं करून बघितलंच नाही.

अण्णा म्हणाले, “एवढं सगळं करून स्वल्पच कळलं की.”

“स्वल्पच,” मी म्हटलं.

अक्का उठून आत गेल्या आणि जेवणाची ताटं घेऊन आल्या. जेवताना त्या मध्येच म्हणाल्या की दूध तोडायच्या वेळी ती पावडर त्या देत जातील. ट्रकमधून आलेल्यांनाही देतील. पोटाला बरी आहे म्हणतेस ना, मग सरी.

साहेबांपुढे तोच अहवाल ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते थकलेले दिसले. पाकिटावरचं ते लहान अक्षरातलं वाक्य काढायला हवं, असं मी म्हटलं. छापून तयार असलेल्या पाकिटांचं काय करायचं यावरून आमची थोडी बोलाचाली झाली. शेवटी नव्या पाकिटांवर ‘ताण’ हा शब्द आला नाही. ‘दूध तोडताना आणि प्रवासानंतर पचनास मदत’, एवढंच आलं, आणि खाली, आजारी वासरासाठी डॉक्टरांना बोलवा. विक्री त्यानं वाढली नसावी. पण साहेबांनी मला नोकरीवर ठेवलं, आणि पुढे दुसऱ्या एका चाचणीत पिशव्यांना दोरे बांधायची युक्ती त्यांनी स्वतःहून सुचवली.

आनेकलच्या गोठ्यात त्यानंतर जो बदल झाला त्याच्याशी माझ्या पावडरीचा संबंध नव्हता. तो अण्णांनी केला. वासराचं डोकं त्यांनी स्वतः धरलं, ट्रकमधून उतरलेली वासरं स्वतः बघितली, आणि एक दिवस मला म्हणाले की मी आता बाहेरून वासरं आणणार नाही. गोठ्यात जन्मतील तेवढीच वाढवायची. शिवाय जन्मलेलं वासरू पहिले काही दिवस आईपाशीच राहू दे. दूध कमी मिळेल ते मिळेल. मी त्यांना सांगितलं की नंतर तोडताना गाय जास्त हंबरते, तेही सोपं नसतं. ते म्हणाले, ठाऊक आहे, ऐकीन मी.

अलीकडे गेले होते तेव्हा एक गाय नुकती व्यालेली होती. वासरू अजून ओलं, पाय कुठे टाकावेत ते न कळणारं. गाय त्याला चाटत होती, आणि चाटण्याच्या जोरानं ते पुन्हा पुन्हा पडत होतं. अण्णा लांब खुर्ची टाकून बसले होते. अक्का चिकाची चरवी घेऊन उभ्या होत्या आणि गाईला कन्नडमध्ये सांगत होत्या की पुरे आता, पोराला पिऊ दे. गाईनं ऐकलं नाही. थोड्या वेळानं वासरानं स्वतःच कास शोधली, दोनदा चुकलं, मग सड तोंडात आला. शेपटी हलायला लागली. आम्ही तिघंही बघत राहिलो. माझ्या पिशवीत कापसाच्या वाती होत्या, पण त्या दिवशी मी त्या बाहेर काढल्या नाहीत.